अठरा रविवार

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या गीता मंडळाची सूत्रे माझ्याकडे आली, त्यात माझ्या अधिकाराचा भाग फारसा नव्हता. मंडळ चालवणारे वयोवृद्ध गृहस्थ मुलाकडे बंगळूरला राहायला गेले, आणि नुकताच निवृत्त झालेला, हाकेच्या अंतरावर राहणारा, चष्मा लावून का होईना पण सलग वाचू शकणारा माणूस म्हणून सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. वेळ दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ. जागा गणपतीच्या देवळामागची खोली. माणसे वीस-बावीस, कोणी साताऱ्याकडचे, कोणी लातूरचे, कोणी खानदेशातले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, सेक्टर आखले गेले, कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी कर्ज काढून घरे बांधली, आणि गावे मागे ठेवून आलेली ही माणसे एकमेकांची शेजारी झाली. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या मुक्कामाला जाताना निगडीतून जाते, त्या दिवशी आम्हा सगळ्यांचे गाव एकच असते. एरवी ते एक करायला असे एखादे मंडळ लागते.

मी एका कारखान्यात तीस वर्षे तपासणी खात्यात काढली. गेज लावायचे, बसले तर माल पास, नाही बसले तर लाल खूण. ही सवय घेऊनच मी गीता सांगायला बसलो. समोर तीन भाष्ये, हाताशी टिपणांची वही. पाऊण तास मी बोलत असे, आणि उरलेल्या पाव तासात कोणी काही बोललेच तर त्याला गेज लावत असे.

दुसरा अध्याय चालू होता. आत्मा मरत नाही, माणूस जुने कपडे बदलतो तसा तो देह बदलतो, हा भाग. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्या एका काकूंनी हात वर केला. त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी चाकणहून दुसरी पाळी संपवून घरी येताना अपघातात गेला होता. त्या म्हणाल्या की हेच त्यांना दहाव्या दिवशी घाटावर प्रत्येकाने ऐकवले होते, आणि ते ऐकून मन शांत होण्याऐवजी त्यांना राग आला होता. लोक ज्याला कपडा म्हणत होते तो त्यांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घालून वाढवला होता. त्यांना आणखी काही सांगायचे होते. मी त्यांचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. ही उपमा आहे, आचार्यांनी तिचा अर्थ असा लावला आहे, असे म्हणत पुस्तक उघडले आणि दहा मिनिटे समजावून सांगितले. मी सांगितले ते व्याकरणाला धरून होते. पुढच्या रविवारी काकू आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोघीही आल्या नाहीत. दिवाळीपर्यंत आम्ही सात जण उरलो.

एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता पत्नीने मला सहज विचारले, की श्रीकृष्णाने तरी अर्जुनाला पहिल्या अध्यायात मनसोक्त बोलू दिले होते ना? मी निरुत्तर झालो. खरोखरच, पहिल्या अध्यायात भगवंत जवळजवळ गप्पच आहेत. सगळे सांगणे सुरू होते ते समोरच्याचे रडगाणे ऐकून झाल्यावर.

तिच्या माहेरून आलेल्या पुस्तकांत विनोबांची 'गीता प्रवचने' होती. पूर्वी मी ती अर्थासाठी चाळली होती. या वेळी वाचली ती वेगळ्या हेतूने: हा माणूस समोरच्यांशी वागला कसा, ते बघण्यासाठी. मग त्यांच्या चरित्राची पुस्तके आणली. भूदानाचे विनोबा सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्यांच्यात सापडला तो आयुष्यभर माणसे जमवून ग्रंथ वाचणारा माणूस. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आई नावाची श्रोती

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावचा. वडील नोकरीसाठी बडोद्यात, म्हणून पुढचे बालपण आणि शिक्षण बडोद्याला. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, पण भक्तीने ओथंबलेली होती. तिला गीता समजून घ्यायची होती, आणि संस्कृत तर कळत नव्हते. मुलाने मराठी गद्य अनुवाद आणून दिला. तिला पद्य हवे होते. मग वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. ती तिला जड गेली. तेव्हा तिने सरळ मुलालाच सांगितले की तूच का करत नाहीस सोपी गीता?

मुलाचे वय तेव्हा कॉलेजात जाण्याचे. हे काम त्याने केले, पण आई गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्याला त्यांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद सुरू केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो संपवला. नाव ठेवले 'गीताई'. त्या नावातच आई आहे. मला त्याहून मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. अनुवाद पुरा झाल्यावर त्यांनी तो पंडितांच्या सभेत नेला नाही. आश्रमातल्या लहान मुलींना शिकवून पाहिला, आणि जिथे मुली अडखळल्या तिथे आपला शब्द बदलला. आम्ही कारखान्यात माल तपासायचो आणि गेज पक्के मानायचो. इथे लहान मूल हेच गेज होते, आणि नापास व्हायचा तो अनुवादकाचा शब्द. आज 'गीताई'च्या लाखो प्रती घरोघर आहेत, त्यामागे त्या मुलींचे अडखळणेही आहे.

आईचा मृत्यू ऑक्टोबर १९१८ मधला, इन्फ्लुएंझाच्या साथीतला. विनोबांची इच्छा होती की अंत्यसंस्कार आपण स्वतः करावेत, भटजींकडून नव्हे. घरच्यांना ते मान्य झाले नाही, म्हणून ते स्मशानात गेलेच नाहीत. घरीच थांबले आणि त्या दिवसापासून वेदांचे अध्ययन सुरू केले. वाचताना हे जरा कठोर वाटते. पण आणखी एक बारीक तपशील चरित्रात येतो. आईची एक साडी त्यांनी जवळ ठेवली आणि कितीतरी वर्षे ती उशाला घेऊन झोपले. पुढे फक्त खादी वापरण्याचे व्रत घेतले तेव्हाच ती साबरमतीत सोडली. आत्म्याच्या अमरत्वावर ज्याची वाणी पुढे लाखोंनी वाचली, तो माणूस आईची साडी उशाला घेत होता. या तपशिलाशी मी बराच वेळ थांबलो. त्याचे कारण शेवटी येईल.

वाईचा हिशेब

विनोबा घराबाहेर पडले १९१६ च्या मार्चमध्ये. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले ते सुरतेला उतरले आणि काशीला गेले. प्रशस्तिपत्रके त्याआधीच चुलीत गेली होती. काशीत असताना हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या भाषणाची हकीकत वर्तमानपत्रात वाचली, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली.

तिथून १९१७ मध्ये त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला आले. प्राज्ञपाठशाळेच्या नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य, योगसूत्रे यांचे अध्ययन केले. वर्ष संपत आले तेव्हा गांधीजींना पत्र लिहून त्यांनी आपल्या कामाचा हिशेब दिला. त्यात काय शिकलो हे होतेच, पण काय शिकवले हेही होते. गीतेच्या वर्गात सहा विद्यार्थी. ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय चौघांना. नऊ उपनिषदे दोघांना.

सहा, चार, दोन. मंडळातली माणसे सातावर आली म्हणून खंत करणाऱ्या मला हे आकडे फार धीर देऊन गेले. अवघे दोघे विद्यार्थी घेऊन नऊ उपनिषदे वाचायची, तर तिथे सभा गाजवण्याचा प्रश्नच येत नाही. दोघांतला एक जरी मागे पडला तरी अर्धा वर्ग मागे पडतो. अशा वर्गात शिक्षकाला थांबावेच लागते.

धुळ्याच्या तुरुंगात

पुढे गांधीजींनी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबांना वर्ध्याच्या आश्रमासाठी पाठवले. ८ एप्रिल १९२१ ला ते तिथे पोहोचले. आकुर्डीत बजाजच्या कारखान्यावरून आपण येता-जाता जातो, त्या बजाज उद्योगाचे मूळ पुरुष ते हेच जमनालालजी. दहा-अकरा वर्षांनी विनोबा आणि जमनालालजी दोघेही एकाच ठिकाणी होते, धुळ्याच्या तुरुंगात. साल १९३२, कायदेभंगाची चळवळ. तिथेच बत्तीस वर्षांचे साने गुरुजीही होते.

कैद्यांनी आग्रह केला आणि विनोबांनी गीतेवर बोलायचे कबूल केले. दर रविवारी एक अध्याय. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ ला, अठरावे १९ जूनला. मी पंचांग काढून मोजले. मधला एकही रविवार चुकलेला नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार.

या प्रवचनांना चर्चा म्हणता येईल का? बोलणारा एकच होता, हे खरे. पण पुस्तक त्या नजरेने वाचले की समोरची माणसे पानोपानी दिसू लागतात. श्रोत्यांत विद्वान होते तसे अक्षरशत्रूही होते, व्यापारी होते तसे शेतकरीही होते. म्हणून प्रत्येक रविवारी आधी मागच्या रविवारचा धागा थोडक्यात हाती दिला जातो, मगच पुढचे पाऊल. गेल्या वेळी न आलेल्याला किंवा न समजलेल्याला परके वाटू नये, याची ती काळजी. सातशे श्लोकांपैकी प्रत्येकावर बोलायचा मोह त्यांनी टाळला. अध्यायात मुख्य गाठ कोणती, ती आपल्या जगण्यात कुठे बसते, एवढेच ते सोडवत. दाखले शेताचे, स्वयंपाकघराचे, आईचे, संतांचे. पांडित्य भरपूर होते, पण ते पायातल्या दगडासारखे खाली राहिले. वर दिसले ते घर.

आणखी एक गोष्ट. राजकीय कैद्यांनी तुरुंगातले काम टाळू नये असा विनोबांचा आग्रह होता, आणि ते स्वतः जात्यावर दळायला बसत. तेव्हा रविवारी कर्मयोगावर बोलणारा माणूस सोमवारी काय करतो, हे सगळ्यांना दिसत होते. प्रवचन संपले म्हणून वक्ता टांग्यात बसून निघून जाऊ शकत नव्हता. सांगणारा आणि ऐकणारे एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारे. आपल्या मंडळांत हे कुठून आणायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आणि साने गुरुजी. ते समोर बसून भराभर लिहून घेत होते. लघुलिपी नव्हे, साधे हाताने लिहिणे. त्यांनी लिहिले नसते तर ते अठरा रविवार तुरुंगाच्या भिंतीतच जिरले असते. पुढे ती टिपणे विनोबांनी तपासली, पुस्तक झाले, भारतातल्या बहुतेक प्रमुख भाषांत गेले, आणि भूदानाच्या पदयात्रेत विनोबा गावोगाव त्यावर सही करून ते लोकांच्या हाती देत राहिले. एका वर्षाने, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. नीट ऐकणे हीसुद्धा निर्मितीच आहे, हे या दोघांकडे पाहून पटते. आमच्या मंडळात तोवर लिहून घेणारे कोणी नव्हते. कारण वही माझ्याच हातात असायची.

दुसऱ्याचा ग्रंथ

स्वतःच्या धर्माचा ग्रंथ आपल्या माणसांत वाचणे त्या मानाने सोपे. विनोबा तिथे थांबले नाहीत. मूळ कुराण वाचता यावे म्हणून ते चाळिशी उलटल्यावर अरबी शिकले, आणि अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर १९६२ मध्ये त्यांनी काढलेले कुराणसार प्रसिद्ध झाले. धम्मपदाची नवी मांडणी केली, ख्रिस्ती धर्माचे सार काढले, शीख धर्मीयांच्या जपुजीवर लिहिले. पद्धत एकच: ज्याचा ग्रंथ त्याच्या भाषेतून शिकायचा, त्यातले उत्तम ते वेचायचे, आणि चिरफाड करण्यासाठी दुसऱ्याच्या देवघरात शिरायचे नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले होते. १९५८ मध्ये विनोबा त्याच मंदिरात गेले ते निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांना बरोबर घेऊन. धुळ्याचा वक्ता आणि धुळ्याचा लेखनिक, दोघांची वाट शेवटी एकाच दाराशी आली.

पण त्यांच्या या कामाचा कळस मला दिसतो तो १९७४ मध्ये. जैन समाजाचा सर्व पंथांना मान्य असा एक ग्रंथ असावा, असे विनोबा कितीतरी वर्षे सांगत होते. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी, चौघांचे आगम आणि आचार यांत मतभेद होते. जिनेंद्र वर्णी यांनी हे काम अंगावर घेतले. गाथा निवडून आधी एक मसुदा छापला गेला आणि विद्वानांकडे, मुनींकडे सूचनांसाठी पाठवला गेला. सूचना आल्या, बदल झाले. शेवटी २९ आणि ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत संगीती भरली. चारही पंथांचे मुनी आणि श्रावक एकत्र बसले, चर्चा झाली, आणि ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सर्वांनी मान्य केला. महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचे ते वर्ष होते.

विनोबा त्या सभेत नव्हते. ते पवनारलाच होते. ज्या चर्चेची कल्पना त्यांची, तिच्यात अध्यक्षाच्या खुर्चीवरही ते बसले नाहीत. जपानमधून आपल्या कारखान्यांत क्वालिटी सर्कल आले, तेव्हा आम्हाला शिकवले होते की गटप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. विनोबा त्याच्याही पुढे गेले होते. त्यांनी माणसे जमतील असे केले, मसुदा हाती पडेल असे केले, आणि स्वतः बाजूला झाले.

दोन शब्द

चरित्र लिहायचे तर इथे थांबता येत नाही. त्या संगीतीनंतर महिन्याच्या आत, २५ डिसेंबर १९७४ रोजी, विनोबांनी एक वर्षाचे मौन घेतले. त्याच वर्षात, २५ जून १९७५ ला, देशात आणीबाणी आली. जयप्रकाशांसारखा त्यांचा जुना सहकारी तुरुंगात गेला. अशा वेळी या मौनी माणसाने महाभारतातील एका पर्वाच्या नावाकडे निर्देश केला: अनुशासन पर्व. एवढेच, दोन शब्द. सरकारने ते उचलले, त्यांचा प्रचार केला, आणि विनोबांनी आणीबाणीला आशीर्वाद दिला असा अर्थ देशभर पोचला. टीकाकारांनी त्यांना सरकारी संत म्हटले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की अनुशासन असते आचार्यांचे. सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. १९७६ मध्येच, गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याचा त्यांचा निश्चय छापला म्हणून आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. तरी ते दोन शब्द त्यांच्या नावाला चिकटले ते चिकटलेच.

विनोबांचा पक्ष घेणारे आणि त्यांना दोष देणारे यांचा वाद मला इथे सोडवायचा नाही. माझ्या मते दोष होता, आणि तो लहान नव्हता. देश बोलू शकत नव्हता तेव्हा त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती. पण एका मंडळाचा चालक म्हणून मला त्यात दुसरेच काही दिसते. ज्या माणसाने एका ग्रंथासाठी अठरा रविवार दिले, मागचा धागा हाती दिल्याशिवाय जो पुढे गेला नाही, त्याने या वेळी संदर्भ न देता नुसते एक नाव पुढे केले. त्यावर प्रश्न विचारणारे मंडळ समोर नव्हते. विचारले तरी उत्तर देणारा मौनात होता. महाभारतातले ते पर्व वाचून पाहा; ते सारे युधिष्ठिराच्या प्रश्नांचे आणि शरपंजरी पडलेल्या भीष्मांच्या उत्तरांचे आहे. मरणाच्या दारातला भीष्मही तिथे प्रश्न ऐकतो आहे. ग्रंथातले वचन चर्चेवाचून सुटे झाले की ते ज्याच्या हाती काठी असेल त्याचे होते. विनोबांसारख्याच्या बाबतीत हे घडले, तिथे आपली काय कथा?

त्यांनी मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र या चुकीवरचे उत्तर वाटते. पवनारला १९५९ मध्ये त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले होते. स्त्रियांनी सामूहिक साधना करायची, शेती आणि स्वयंपाकापासून छपाईपर्यंत कामे स्वतः करायची, ग्रंथ एकत्र वाचायचे, आणि निर्णय घ्यायचे ते बहुमताने नव्हे, सर्वानुमते. म्हणजे एकीला जरी पटले नाही तरी सगळ्यांनी थांबायचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी, औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारलाच देह ठेवला. त्यांच्या मागेही त्या भगिनींनी आपले काम चालू ठेवले.

आमचा रविवार

हे सगळे वाचून झाल्यावर मी एका दुपारी काकूंकडे गेलो. पुस्तक नेले नाही. मी त्या दिवशी तुमचे बोलणे तोडले, माझे चुकले, असे म्हणालो. त्यांनी पाणी दिले, चहा टाकला, पण विषय काढला नाही. मग मला काय सुचले कोण जाणे, मी त्यांना विनोबांच्या आईच्या साडीची गोष्ट सांगितली. एवढा ज्ञानी माणूस, पण वर्षानुवर्षे ती उशाला घेत होता, आणि स्वतःला वाटेपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून त्याने ती सोडली नाही. काकू बराच वेळ गप्प होत्या. मुलाचा कंपनीचा शर्ट कपाटात घडी करून ठेवला आहे आणि दर महिन्याला तो ऊन दाखवून परत ठेवते, असे त्या म्हणाल्या. त्या रविवारी त्यांना हेच सांगायचे होते. आणि विचारायचे होते की असे करणे गीतेविरुद्ध आहे का.

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हणालो, रविवारी सगळ्यांना विचारू.

त्या आल्या आणि त्यांनी स्वतःच विचारले. मी गप्प बसलो. तीस वर्षांची सवय मोडताना हाताला घाम सुटला होता. चाकणला ऑपरेटर असलेला लातूरकडचा एक तरुण बोलला, मग एक निवृत्त शिक्षिका बोलल्या, मग ज्यांनी कधीच तोंड उघडले नव्हते असे एक आजोबा आपल्या गेलेल्या पत्नीबद्दल बोलले. श्लोक तोच होता. माझ्या तिन्ही भाष्यांत नव्हते असे काही त्या तासात त्याच्याभोवती जमा झाले. उत्तर एकच असे निघाले नाही. साडेनऊ वाजून गेले तरी कोणी उठले नाही.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. रविवारी एक अध्याय, त्याहून घाई नाही. आधी मागच्या वेळचे दोन मिनिटांत सांगायचे, आणि ते दर वेळी वेगळ्याने सांगायचे. श्लोक 'गीताई'तून मोठ्याने वाचायचे, वाचणारा जिथे अडखळेल तिथे थांबायचे. चालकाने शेवटी बोलायचे, तेही पाच मिनिटे. जो निष्कर्ष निघेल त्याचे या आठवड्यात काय करायचे, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवायचे. लिहून घ्यायची वही आता त्या लातूरच्या मुलाकडे आहे. रात्रपाळी करून तो थेट येतो, कधी कधी डुलकी काढतो, पण त्याच्या टिपणांत माझ्यापेक्षा इतरांची वाक्ये जास्त असतात.

आम्ही पुन्हा अठरा-एकोणीस झालो आहोत. येत्या रविवारी बारावा अध्याय आहे, भक्तियोगाचा, विसाच श्लोकांचा. वाचायची पाळी काकूंची आहे.